लांब बटणावरचा खळगा

मी एक कीबोर्ड बोलतोय. पण साधा नव्हे, रंगीत. ऑफिसातल्या काळ्या कीबोर्डांशी माझी गल्लत केलीत तर मला राग येतो. माझ्या बटणांना निरनिराळे रंग आहेत आणि त्यांवर बारीक चित्रं आहेत. कुठे कात्री, कुठे बाण, कुठे कर्णा. व्हिडिओ एडिट करायच्या एका फार महागड्या सॉफ्टवेअरसाठी मला मुद्दाम घडवलं होतं. कात्रीचं बटण दाबलं की चित्रफीत तिथे कापली जायची.

सध्या माझा मुक्काम एका कपाटावर आहे, उशीच्या जुन्या अभ्र्यात. इथे धूळ नाही, पण माणूसही नाही.

माझी उमेदीची वर्षं एका स्टुडिओत गेली. खिडकी नसलेली खोली, दोन मोठे पडदे आणि पुढे एक कुरकुरणारी खुर्ची. त्या खुर्चीत बसायचे आमचे एडिटर. सगळे त्यांना कात्रीदादा म्हणायचे. दादांनी माझ्याकडे कधी पाहिलंच नाही. मी याला दुर्लक्ष म्हणत नाही. नजर पडद्यावर आणि बोटं माझ्यावर, इतकी आमची ओळख होती. त्यांचा उजवा अंगठा माझ्या तळाच्या लांब बटणावर असायचा. दाबलं की चित्र चालायचं, पुन्हा दाबलं की थांबायचं. अंगठा नेमका एकाच जागी पडून तिथे उथळ खळगा झाला. कुणाला तो झीज वाटेल. मला तो दागिना वाटतो.

मग एक स्वस्तातलं सॉफ्टवेअर आलं. "खेळणं आहे ते," आमचे मालक म्हणाले. "चार दिवस खेळतील आणि सोडून देतील." आम्हीही हसलो.

दरवर्षी जाहिरात करून घ्यायला येणारे एक फर्निचरवाले होते. त्या वर्षी ते आले ते नुसता मोबाइल दाखवायला. "आमच्या सुनेनं घरीच केलं, बघा. जेवता जेवता." दादांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. फक्त दुसऱ्या जोडावर चित्र जरा उडतंय."

"अहो, ते कुणाला कळतंय?"

दादांनी मोबाइल परत दिला. त्यांचा अंगठा माझ्यावर तसाच राहिला.

एकेक करून गिऱ्हाईकं गेली. आमच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीनेही मग भाव पाडला, पण तोवर मंडळी तिकडे रमली होती. स्टुडिओ बंद झाला. पडदे विकले गेले, खुर्चीसुद्धा गेली. मला कुणी विचारलं नाही. आमच्या महागड्या सॉफ्टवेअरवाचून माझ्या रंगांचा कुणाला काय उपयोग? दादांनी मला बगलेत घेतलं आणि घरी आणलं.

घरी त्यांची मुलगी होती. दिवसा ती एका कंपनीत एडिटिंग करायची आणि संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवर बाहेरची कामं. तेच स्वस्तातलं सॉफ्टवेअर. "बाबा, बसा ना. मी शिकवते," ती म्हणाली. दादा बसले. आमच्याकडे ज्या बटणाने तुकड्याच्या सुरुवातीला खूण व्हायची, त्याच बटणाने तिच्याकडे निवडलेला तुकडा पुसला जायचा. सवयीने बोट तिथे गेलं आणि तिने जमवून ठेवलेलं सगळं पडद्यावरून नाहीसं झालं. तिने ते लगेच परत आणलं. "आलं बघा. काही झालं नाही, बाबा."

पण दादांनी हात मांडीवर घेतले होते. "माझी बोटं आता दुसरं काही शिकायची नाहीत," ते म्हणाले.

खरं सांगतो, ते वाक्य मला फार आवडलं.

त्यांनी मला पुसून, अभ्र्यात घालून इथे ठेवलं. बोटं माझीच राहणार म्हटल्यावर मी निर्धास्त वाट बघू लागलो. खालून लॅपटॉपच्या चपट्या बटणांची टपटप यायची. मुलगी काम करत असेल, असं मी धरून चाललो.

एका रविवारी सकाळी मुलीने मला खाली घेतलं. तिला त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय सापडली होती. गिऱ्हाईक ओढायला ते बनवणाऱ्यांनी आमची बटणांची सगळी रचना आत घालून ठेवली होती. ती निवडली की मी तिथेही चालणार होतो. इतकी वर्षं मी त्या मंडळींना शिव्या घातल्या, त्या दिवशी मात्र दुवा दिला.

"बाबा, या. तुमचीच बटणं आहेत. आता कापा."

दादांची बोटं माझ्यावर टेकली. मी किती दिवस याचीच वाट बघत होतो. पहिलं बटण चुकलं. दुसरंही चुकलं. बोटं लॅपटॉपवरच्या बटणांच्या जागी जात होती. त्यांनी चष्मा नीट केला आणि कात्री शोधायला खाली पाहिलं. माझ्याकडे. पहिल्यांदाच.

मुलगी त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही माझ्या लॅपटॉपवर शिकलात?"

"तू कामावर गेलीस की बसायचो," दादा म्हणाले. "तुझ्यापुढे चुकायची लाज वाटते गं."

आतून आईचा आवाज आला, "मला विचारायचं ना. रोज दुपारी यांना जेवायला हाका मारून घसा बसलाय माझा."

तिघंही हसली. मला हसता आलं नाही. तेवढ्यात दादांचा अंगठा आपसूक लांब बटणावर आला, नेमका त्या खळग्यात, आणि चित्र चालू लागलं. ते बटण स्वस्त आणि महाग, दोन्ही सॉफ्टवेअरांत सारखंच असतं. त्यांनी चित्र थांबवलं, पुन्हा चालवलं. अंगठा जरा वेळ तसाच ठेवला. मग हळूच माझी वायर काढली आणि लॅपटॉप पुढे ओढला.

आता खाली बापलेकीचे वाद चालतात, कुठे कापायचं आणि कुठे नाही यावरून. दादांचा आवाज चढलेला ऐकला की मला बरं वाटतं. ते सुटले, मी राहिलो.

उद्या तुमच्यापैकी कुणी मला अडगळीतून बाहेर काढलंत तर खुशाल भंगारात द्या. त्याआधी फक्त एकदा त्या खळग्यात अंगठा ठेवून बघा. कुणीतरी इथे रोज यायचं, एवढं तुम्हाला कळलं तरी पुरे.