पडद्यावर काय चाललंय

नूरबानू बागवान यांनी एकतीस वर्षं महापालिकेच्या एका शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्या अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करू लागल्या. त्यांचे यजमान चांदभाई यांचं बुधवार पेठेत स्पीकर आणि माइकचं दुकान होतं. त्यांनी एक चांगला माइक घरी आणून दिला, मागच्या खोलीला जाड पडदे लावले आणि वाचन चालू असताना कुकर लावायचा नाही, असा नियम केला. त्या खोलीत नूरबानूंनी सात वर्षांत शंभरावर पुस्तकं वाचली.

त्यांचा सगळ्यात जुना श्रोता म्हणजे बुद्धभूषण ओव्हाळ. पहिली पुस्तकं त्यांनी वाचली ती त्याच्या एम. ए.साठी. आता तो हिंजवडीतल्या एका कंपनीत होता. कंपनीनं बनवलेली अ‍ॅपं न पाहता वापरता येतात की नाही, हे तपासणं त्याचं काम. तो जन्मापासून अंध होता, आणि त्याबद्दल बोलताना घराचा पत्ता सांगावा तसं सांगायचा.

एका शनिवारी त्याचा फोन आला. "बाई, उद्या दुपारी मोकळ्या आहात का? सिनेमाला याल?"

"मी? कुठला सिनेमा?"

"सुपरहिरोचा आहे, विनोदी. हिंदीत डब केलेला. आठवडाभर ऑफिसात सगळे त्यातलेच जोक मारतायत. बोलणं मला ऐकू येईल. जे बोलत नाहीत, नुसतं दिसतं, तेवढं तुम्ही सांगायचं."

"तुझे मित्र आहेत की."

"मागे रणजितबरोबर गेलो होतो. लोक हसले की तोही हसत सुटायचा. मी विचारलं की म्हणायचा, थांब, सांगतो. अजून सांगतोच आहे. पण एक आहे. सिनेमा चावट आहे. ए सर्टिफिकेट."

"किती चावट?"

"पुष्कळ."

"अरे, मग तुझ्या वयाचं कुणी तरी शोध."

"शोधलं, बाई. माझ्या वयाच्या कुणाला वाक्य पूर्ण करता येत नाही."

या बोलण्यानं नूरबानू खूश झाल्या आणि हो म्हणून बसल्या.

कोथरूडच्या मल्टिप्लेक्सच्या दारात तिकिटं बघणाऱ्या माणसानं एकदा त्यांच्या डोक्यावरच्या पदराकडे आणि एकदा पोस्टरकडे पाहिलं. "मॅडम, हा ए आहे बरं का. अठरा पूर्ण लागतात."

"झाली की, चाळीसेक वर्षांपूर्वीच," नूरबानू म्हणाल्या, आणि बुद्धभूषणला कोपर धरू देऊन आत गेल्या.

रविवार असल्यानं हॉल भरलेला होता. त्यांच्या पुढच्या रांगेत कॉलेजातली तीन मुलं होती, दोन मुलगे आणि एक मुलगी, मांडीवर पॉपकॉर्नचा भला मोठा डबा. सिनेमाचा नायक उडू शकायचा, पण त्याला उंचीची भीती वाटायची, त्यामुळे तो वर गेला की डोळे मिटायचा आणि तोंडानं अखंड शिव्या द्यायचा. शिव्यांचं नूरबानूंना काही करावं लागलं नाही. त्या बुद्धभूषणला थेट ऐकू येत होत्या. अडचण पुढे आली. नायक एका कारखान्याच्या पत्र्यावर उतरला, मागून खिळ्यात अडकला, आणि हॉल हसला.

"काय झालं?" बुद्धभूषणनं विचारलं.

"त्याचा पोशाख फाटला. त्यामुळे त्याचा... पार्श्वभाग उघडा पडलाय."

"बाई, एवढा मोठा शब्द संपेपर्यंत पुढचा सीन येतो."

नूरबानूंनी तोच अवयव दोन अक्षरांच्या नेहमीच्या शब्दात सांगितला. पुढच्या रांगेतली मुलगी फिस्सकन हसली. तिनं मागे पाहिलं नाही, पण ती सिनेमाला नाही तर आपल्याला हसली, हे नूरबानूंना कळलं. नवल म्हणजे त्यांना वाईट वाटलं नाही. वर्गात एखादं वाक्य अचूक जागी पडलं की मागच्या बाकावरून असाच आवाज यायचा.

मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांना मात्र हे चाललं नाही. "ओ काकू, गप्पा घरी मारा ना. आम्ही सिनेमा बघायला आलोय."

"हाही सिनेमाच बघायला आलाय," नूरबानू म्हणाल्या.

पुढच्या मुलांपैकी एकानं वळून पाहिलं. बुद्धभूषणच्या मांडीवर घडी केलेली पांढरी काठी होती. मुलानं मागच्या गृहस्थांना हातानंच राहू द्या अशी खूण केली. गृहस्थ पुटपुटले आणि गप्प झाले. त्यानंतर नूरबानूंचा आवाज मोकळा झाला. कोण कुठून पडतंय, कुणाचा विग उडाला, खलनायिकेनं काय उचलून कुठे मारलं, हे सगळं त्या चार-चार शब्दांत सांगू लागल्या आणि बुद्धभूषण हॉलच्या बरोबर, कधी तर हॉलच्या अर्धा क्षण आधी, हसू लागला.

मध्यंतरात तो भलताच खुशीत होता. "बाई, उजवीकडे मागे एक माणूस आहे, तो सगळ्यांच्या आधी हसतो. त्यानं बहुतेक आधी पाहिलाय. आणि बायका वेगळ्या जागी हसतात. नवऱ्याला खलनायिका झापते ना, तिथे नुसत्या बायका हसल्या."

नूरबानूंच्या हे लक्षातही आलं नव्हतं. त्या पडद्याकडे पाहत होत्या.

मध्यंतरानंतर अर्ध्या तासानं तो प्रसंग आला. त्यात कुणी बोलत नव्हतं, नुसतं संगीत होतं. रस्त्याच्या कडेला एक अंध माणूस काठी घेऊन उभा. नायक वरून झेप घेतो, त्याला काखेत उचलतो, रस्त्याच्या पलीकडे ठेवतो आणि प्रेक्षकांकडे बघून छाती फुगवतो. माणूस काठी टेकत, गाड्यांतून वाट काढत परत पहिल्या जागी येतो. नायकाला तो पुन्हा दिसतो. पुन्हा उचलतो, पुन्हा पलीकडे. तिसऱ्यांदा माणूस कान देऊन उभा राहतो, आणि वारा जवळ आल्याचं कळताच काठी अशी फिरवतो की नायक पाय आवळून जमिनीवर लोळतो. तेवढ्यात पलीकडच्या नव्हे, अलीकडच्याच कडेला बस येते. बसचीच वाट पाहत उभा असलेला तो माणूस शांतपणे चढून निघून जातो.

हॉल हसून कोसळला. पुढची तिघंही हसली, पण मधेच एका मुलाचे खांदे थांबले. त्यानं मुलीला कोपरानं ढोसलं. ती अर्धवट वळली आणि तोंडावर हात ठेवून पुन्हा पुढे पाहू लागली. नूरबानूंना ते दिसलं. एवढ्या लोकांनी याच्यासारख्या माणसाला हसावं आणि ते आपण त्याला शब्दांत सांगावं, हे त्यांच्यानं होईना.

"काय चाललंय?" बुद्धभूषणनं विचारलं.

"काही नाही. तो उडतोय नुसता. खाली गाड्या आहेत."

बुद्धभूषणनं मान हलवली. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत त्यानं एकदाही विचारलं नाही. नूरबानू सांगत राहिल्या, पण तो हसला की उशिरा, आणि पुष्कळदा हसलाच नाही.

बाहेर ऊन होतं. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये दोघं बाकड्यावर बसली. चहा आला तशी बुद्धभूषणनं बशी हातानं चाचपून जवळ घेतली.

"बाई, ती काठी कुणाची होती?"

"कुठली काठी?"

"संगीताच्या मागे आवाज येत होता. फरशीवर टेकल्याचा. तो आवाज मी ओळखणार नाही का? आणि आपल्या पुढची मुलं हसता हसता गप्प झाली. आख्खा हॉल हसत होता आणि नेमकी तेवढीच जागा रिकामी झाली."

नूरबानूंनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, जसं होतं तसं. उचलणं, ठेवणं, परत येणं, काठी, बस. तो हसेल, असं त्यांना सांगता सांगता वाटू लागलं, कारण सांगताना तो विनोद त्यांना पहिल्यांदाच नीट दिसला. हसं अंध माणसाचं नव्हतंच. न विचारता मदत करणाऱ्याचं होतं.

बुद्धभूषण हसला नाही.

"कर्वे रोडला माझ्या बाबतीत हे महिन्यातून दोनदा होतं," तो म्हणाला. "मी बसची वाट बघत असतो आणि कुणी तरी मला पलीकडे नेऊन सोडतं. ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांचे चेहरे पडतात म्हणे. आज दोनशे माणसं त्यावर हसत होती. त्यांच्यात बसून मला हसायचं होतं."

"मला वाटलं, तुला लागेल."

"लागलं असतं तर माझं मी बघितलं असतं." मग त्यानं विचारलं, "पुस्तकांतही गाळता?"

खोटं बोलणं सोपं होतं. पुस्तक उघडून पडताळायला तो काही जाणार नव्हता. पण तेवढ्यासाठीच नूरबानूंना ते बोलवेना.

"दोन कादंबऱ्यांत नवरा-बायकोचे प्रसंग होते, ते सोडले. आणि तुझ्या एम. ए.ला ते आत्मचरित्र होतं, त्यात गावातले लोक लेखकाच्या आजोबांना ज्या शब्दांनी हाक मारतात, ते. मी 'अपशब्द वापरून' एवढंच वाचलं. तीन ठिकाणी. एक अख्खं पानही सोडलं."

"ते तुम्ही केलंत?" त्याचा आवाज चढला नाही. "मी परीक्षेच्या पेपरात लिहिलं होतं, बाई, की लेखक ऐन ठिकाणी हात आखडता घेतो. वर्गातही बोललो होतो. बाकीची मुलं गप्प बसली. मला वाटलं, त्यांना पटलं."

नूरबानूंनी चहावरची साय चमच्यानं बाजूला केली.

"आमच्या आजोबांनी ऐकलेले शब्द आहेत ते," तो म्हणाला. "ते माझ्यापर्यंत येऊ नयेत, असं तुम्हाला वाटलं. चांगल्या मनानंच वाटलं असणार. पण मी त्या माणसाला भित्रा म्हणून बसलो."

त्यानं काठीची घडी उलगडली. नूरबानू उठू लागल्या तसं तो म्हणाला, "स्टॉप मला माहीत आहे." त्या तिथेच बसून राहिल्या.

घरी चांदभाईंनी विचारलं, "कैसा था पिक्चर?"

"अच्छा था," नूरबानू म्हणाल्या आणि मागच्या खोलीत गेल्या.

एरवी दर दोन दिवसांनी बुद्धभूषणचा काही ना काही निरोप यायचा. त्या आठवड्यात आला नाही. बुधवारी नूरबानूंनी कपाटातून ते आत्मचरित्र काढलं. आपण गाळलेल्या जागांवर पेन्सिलीनं केलेल्या बारीक खुणा तशाच होत्या. माइक सुरू करून त्या वाचू लागल्या. पहिल्या शब्दाला आवाज अडखळला. मुद्रण पुसून पुन्हा वाचलं. पुन्हा अडखळला. तिसऱ्या वेळी त्यांनी तो तसाच राहू दिला, आणि सोडलेलं पान वाचताना मात्र कुठेही थांबल्या नाहीत. त्या पानावर आजोबा घरी येऊन, अंगणात बसून, दिवसभर ऐकलेल्या हाका एकेक करून नातवाला सांगतात आणि म्हणतात, लिहून ठेव. सात वर्षांपूर्वी हे पान आपण डोळ्यांखालून घातलं होतं, आणि पुढे गेलो होतो. नूरबानूंनी माइक बंद केला.

ध्वनिमुद्रण त्यांनी बुद्धभूषणला पाठवलं. सोबत काही लिहिलं नाही. कादंबऱ्यांतली पानं दुसऱ्या दिवशी वाचली, तेव्हा दाराला आतून कडी घातली.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला.

"ऐकलं," बुद्धभूषण म्हणाला. "ते पान मी आईलाही ऐकवलं." आईनं काय म्हटलं, हे त्यानं सांगितलं नाही आणि नूरबानूंनी विचारलं नाही. मग तोच म्हणाला, "सिनेमा उतरत आलाय. रविवारी सकाळी साडेनऊचा एकच खेळ उरलाय. कुणी नसेल फारसं."

"मी येते. पण एक सांगते. मला एखादी गोष्ट सांगायला जड गेलं, तर मी तसं म्हणेन. गाळणार नाही."

"चालेल. मीही थांबायला सांगेन, थांबायचं असेल तर."

त्या सकाळी हॉलमध्ये मोजून अकरा माणसं होती. एक आजोबा एकटेच मधल्या रांगेत बसले होते आणि भलत्याच ठिकाणी हसत होते. रस्त्याचा प्रसंग आला तेव्हा नूरबानूंनी पहिल्या फ्रेमपासून सांगायला सुरुवात केली. "कडेला अंध माणूस उभा आहे. आता वरून हा आला. उचललं. पलीकडे ठेवलं." दुसऱ्यांदा उचलताना त्यांनाच हसू फुटलं, तिसऱ्यांदा काठी फिरली तेव्हा त्यांना पुढे बोलताच येईना. पदराचं टोक तोंडात धरून त्या हसत होत्या.

"बाई, बस आली का?"

"आली," त्या कशाबशा म्हणाल्या. "चढला. खिडकीत बसला."

बुद्धभूषण थोडासा हसला. हॉलमध्ये आणखी कुणी हसलं नाही. आजोबा पॉपकॉर्न खात होते.

"बरा आहे विनोद," बुद्धभूषण म्हणाला. "दोनशे माणसांत जास्त चालला असणार."

"तेव्हा फार चालला होता."

"असू दे." तो खुर्चीत मागे टेकला. पडद्यावरचं संगीतही थांबलं होतं. "आता काय चाललंय?"

नूरबानूंनी डोळे पुसले आणि वर पाहिलं. मागच्या वेळी हा प्रसंग त्यांनी पाहिला नव्हता. त्या वेळी त्या पुढच्या मुलांच्या पाठीकडेच बघत होत्या.

"रात्र आहे. तो इमारतीच्या गच्चीवर, अगदी कडेला बसलाय. मुखवटा काढून शेजारी ठेवलाय. खाली बघत नाही."

"काय करतोय?"

"काहीच नाही. नुसता बसलाय."

"चेहरा कसा आहे?"

त्यांनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं. "दमलेला," त्या म्हणाल्या. "आणि साधा. भाजी घ्यायला निघालेल्या माणसासारखा."

बुद्धभूषणनं मान हलवली आणि दोघं पुढचं ऐकू लागली.