कुसाबाईंच्या पायातला पट्टा

घोट्याला बांधायचा एक काळा पट्टा, ही माझी ओळख. वय चार वर्षं, म्हणजे आमच्यात म्हाताराच. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना हळहळायचं असतं म्हणे. मित्रांनो, मला ते जमणार नाही. माझ्यावर एक आळ आला होता आणि तो मी अजून मान्य केलेला नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते माहीत नाही. नाशिकच्या एका सरकारी दवाखान्यात आम्ही चाळीस जण एका खोक्यातून उतरलो. काम सोपं होतं. ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या पायात बसायचं, पाय हलला की मोजायचं आणि घरातल्या मोबाइलवरून तो आकडा नाशिकला पाठवायचा. तिथे महेश नावाचा ऑपरेटर पडद्यासमोर बसतो. आकडा कमी असला की पेशंटचं नाव लाल, भरपूर असला की हिरवं. उद्घाटनाला नारळ फुटला. "आता पेशंटच्या दारात जायची गरजच नाही," असं एक साहेब म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मीही तेव्हा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

मला हरसूलजवळच्या एका पाड्यावर कुसाबाईंकडे पाठवलं. नाचणीच्या शेतात घसरून त्यांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं आणि त्यांची एकच मागणी उरली, संडासला स्वतःच्या पायाने जायचं. सून निकिता धरून न्यायची, त्याची त्यांना फार लाज वाटे. व्यायाम शिकवायला राकेश सर दर मंगळवारी मोटारसायकलवर यायचे. वॉकर धरून उभं करायचे, चार पावलं चालवायचे. निघताना सांगायचे, "मावशी, मी नसताना निदान घोटा हलवत राहा."

कुसाबाईंनी ऐकलं. निकिता शेतावर गेली की सहा महिन्यांचा नातू रुद्र त्यांच्याजवळ असे. त्यांनी त्याच्या झोळीची दोरी ऑपरेशनच्या पायाला बांधली आणि बाजेवर बसून घोटा हलवू लागल्या. व्यायामही झाला, पोरही झोपलं. यात चूक काढून दाखवा. पाय हलत होता, मी मोजत होतो. दिवसाला चार हजार. नाशिकच्या पडद्यावर कुसाबाईंचं नाव हिरवंगार झालं.

तिसऱ्या आठवड्यात गावच्या आशा कार्यकर्त्या सिंधुबाई निरोप घेऊन आल्या. राकेश सर आता येणार नाहीत. वॉकरही परत द्यायचा, दुसऱ्या पेशंटला लागतो.

"मी बरी झाले, हे कोनी सांगलं?" कुसाबाईंनी विचारलं.

"पट्ट्यानं. रोज चार हजार पावलं चालता म्हणं तुम्ही."

"मग मी हरसूलचा बाजार करून येत आसंल अन् मलाच ठावं नाय."

सिंधुबाईंना हसू फुटलं. मग त्यांची नजर झोळीच्या दोरीवर गेली आणि हसू विरलं. त्यांनी लगेच नाशिकला कळवलं. उत्तर आलं की पट्टा बिघडलेला दिसतो, महिनाभरात बदलून देऊ, तोवर पेशंट बरा झाला असंच धरा.

बिघडलेला! पाय हलला असं मी म्हणालो होतो. बाई चालली असं तुम्ही ठरवलंत. एवढं ठरवण्याआधी एकाने तरी फोन करायचा होता. तुमचा आळस माझ्या माथी मारू नका.

निकिता संडासला धरून नेई तेवढंच, व्यायामाला उभं करणारं सरांशिवाय कोणी नव्हतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुसाबाईंचा गुडघा आखडत गेला. वॉकर मात्र त्यांनी दिला नाही. मग एका सकाळी त्यांनी मला पायातून काढलं आणि थेट झोळीलाच बांधलं.

"आत्या, हे काय?" निकिताने विचारलं.

"गप. आज झोळीला चालू दे."

संध्याकाळी महेशचा फोन आला. "आजी, आज नऊ हजार. शाब्बास."

"मी बाजेवरच हाय, बाबा. नऊ हजार झोळी चालली. तिलाबी बरी झाली म्हणून लिही, अन् तिच्याकडूनबी वॉकर मागून घे."

महेशने हळूच विचारलं, "तुम्ही स्वतः किती चालता?"

"हे आधी इचारायचं व्हतं. कोनी धरल्याबिगर एक पाऊल नाय. सरांना धाड, नायतर जीप करून येते अन् हा पाय तुझ्या टेबलावर ठेवते."

मंगळवारी राकेश सर आले. आखडलेला गुडघा सुटायला दोन महिने गेले. वाया गेलेले दिवस कोणी भरून दिले नाहीत, कोणी माफीही मागितली नाही. पण एका दुपारी कुसाबाई वॉकर टेकत संडासापर्यंत गेल्या, मागून येणाऱ्या निकिताला हाताने थांबवलं आणि आतून कडी लावली. त्या कडीचा आवाज मोजायची सोय माझ्यात नाही.

सध्या मी दिंडोरीच्या धनराजच्या ऑपरेशन झालेल्या पायात आहे. त्याला विश्रांती सांगितली आहे, थोडंच चालायला सांगितलं आहे. पण हंगाम चुकेल म्हणून तो ट्रॅक्टर घेऊन द्राक्षांवर फवारणीला जातो. सीटचे हादरे मी पावलं म्हणून मोजतो, दुसरं मला येत नाही. पाय सुजत चाललाय आणि नाव हिरवं आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणीतरी त्या पडद्यासमोर बसेल. आकडा जरूर बघा. मग उठा आणि माणूस बघून या.

आणि महेश, तू आजच धनराजला फोन लाव.