पानावरची गोचीड

“डॉक्टर, गोचीड मारली तर पाप लागतं का हो?”

विचारून टाकलं एकदाचं! लुंबिनीनं वर्गात पैजच लावली होती — वक्तृत्वात ढाल आणलीस ना, मग एवढं विचारून दाखव — आणि आता तीच गुरांच्या दवाखान्याच्या दारात ओढणी तोंडात कोंबून हसत होती. अक्षराची नजर मात्र डॉक्टरांच्या चिमट्याच्या टोकावर खिळलेली. एरंडीच्या बीसारखी टम्म, राखाडी गोचीड, आणि तिचे ते बारीक पाय अजून हवेतच चालतायत... कुठं निघालीय ही?

टेबलावर अक्षराची कुत्री, खारी, पडून होती. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, किराणा दुकानातल्या खारी बिस्किटांवर वाढली म्हणून नाव खारी. एरवी मुरुडच्या बाजारात टेम्पोमागं धावून ड्रायव्हरच्या शिव्या खाणारी. आज शेपूटसुद्धा हलत नव्हती.

“चिमटा पार कातडीला टेकवायचा, आन् सरळ वर ओढायचं. पिळायचं न्हाई, पोट दाबायचं न्हाई.” डॉक्टरांनी गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकली. पाय थांबले. “पाप म्हणतीस, मग घरी काय करता?”

“आमचे अप्पा सोडून देतात!” ढाल घेताना आला होता तसाच आवाज आला, खणखणीत. “सोमवारी लिंगपूजा झाली की खारीला मांडीशी घेऊन बसतात. एकेक गोचीड काढून कालच्या पूजेतल्या बेलाच्या पानावर ठेवतात, आणि पान दुकानामागच्या भिंतीपाशी नेऊन ठेवतात. जिवंत!”

हे तिनं शाळेतही सांगितलं होतं, मान वर करून, म्हणून तर ती पैज.

“आन् कुत्री झोपती कुठं?”

“तिथंच की. भिंतीपाशी, पोत्यांवर... गार असतं ना तिथं...”

वाक्य तिच्याच तोंडून गेलं आणि तिच्याच कानात येऊन अडकलं. लुंबिनीनं ओढणी तोंडातून काढली. डॉक्टरांनी खारीचा ओठ वर केला — हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या.

“गोचीडताप. अंगात रगत राह्यलं न्हाई. इंजेक्शन दिलंय, पण लई आशा धरू नको बाळा.”

रिक्षात खारीचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि वजन असं काही नव्हतंच. लुंबिनी म्हणाली, “सॉरी गं अक्षे,” आणि अक्षराला सारखं ते हिरवं पान दिसत राहिलं — अप्पांच्या तळहातावरचं, भस्माचा वास असलेलं, त्यावर एक राखाडी थेंब, आणि अप्पा अनवाणी, हळू चालतायत, पान कलू नये म्हणून... किती जपून! किती जपून नेऊन ठेवलं त्यांनी खारीचं मरण तिच्याच उशाशी, दर सोमवारी, आणि मी मागं मागं, आमच्या अप्पांसारखं मुरुडात कोणी नाही म्हणत. आता हे त्यांना सांगायचं? बोलता येतं तुला, ढाल आहे तुझ्याकडं, सांग की. सांगितलं तर खारी उठणार आहे का? आणि नाही सांगितलं, तर पुढच्या सोमवारी पुन्हा पान...

दुकानाच्या पायरीवर अप्पा वाटच बघत होते. हातात चिमटा. पायजम्याला पुसून ठेवलेलं बेलाचं पान.

“आण गं इकडं. सकाळचं राह्यलंच आज. चार गोचिड्या निघाल्या की बरं वाटंल तिला.”

अक्षराची आई, अव्वा, दुधाची वाटी घेऊन आतून आली. “काय म्हणले डॉक्टर?”

“इंजेक्शन दिलंय,” अक्षरा म्हणाली. तेवढंच.

खारीनं दुधाकडं पाहिलं नाही. पण अप्पांचा हात जवळ आल्यावर कुठून कोण जाणे तिनं जीभ काढली, आणि त्यांची बोटं चाटली, एकदाच. अप्पा हसले. “बघ, वळखती. हुईल बरी.”

नाही होणार. अक्षराच्या पोटात हे इतकं शांतपणे उतरलं, की तिला स्वतःचीच भीती वाटली. तिनं अप्पांच्या बोटांतून चिमटा घेतला. कानाची पाळी उलटली. आतल्या घडीत एक होती, लहान, अजून न फुगलेली. टेकवला, सरळ ओढला. अप्पांनी सवयीनं पान पुढं केलं.

ते पान तसंच राहिलं. डॉक्टरांकडून मागून आणलेली स्पिरिटची बाटली तिनं दप्तरातून काढली, आणि गोचीड आत टाकली.

“काय करायलीस गं?” अप्पा म्हणाले.

“अप्पा, अव्वा, ऐका.” आवाज खणखणीत नव्हता. कुणा दुसऱ्याच मुलीचा असावा तसा. “आजपासून गोचिड्या मी काढणार. कानातल्या, बोटांच्या बेचक्यातल्या, पट्ट्याखालच्या. खारी आहे तोवर खारीच्या, नंतर जी कुत्री येईल तिच्या. आणि सोडणार नाही. मारणार.”

अप्पांनी पान अजून पुढंच धरलं होतं. “अक्षू, अगं ती बी जीवच हाय. का म्हणून?”

उत्तर जिभेवर होतं. तिनं ते गिळलं, आणि बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं.

“असंच. पाप लागलं तर मला लागू द्या.”