चार चौकटींचा डॉक्टर

त्या भयचित्रकथेच्या मालिकेत मनोविकारतज्ज्ञाला फारसं काम नव्हतं. अंकागणिक चार चौकटी, फार तर पाच. भिंतीतून हाका ऐकू येणारा नायक त्याच्यासमोर येऊन बसायचा, डॉक्टर मान डोलवायचा आणि गोळ्या लिहून द्यायचा. लेखकाने त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं. पण चित्रं काढणारीने त्याला चेहरा दिला होता तो खऱ्या माणसाचा, तिच्या वडिलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. रुंद कपाळ, डावी भुवई जरा वर, आणि ऐकताना पेनचं टोपण चावायची खोड.

हे काही तिने प्रेमाने केलं नव्हतं. ती एकोणीस वर्षांची असताना या डॉक्टरांनी बाबांना घरी सोडलं, आणि चौथ्या दिवशी बाबा नदीत सापडले. त्याला बावीस वर्षं झाली, राग मात्र निवला नव्हता. निदान कागदावर तरी हा माणूस तिच्या मुठीत होता.

सव्विसाव्या अंकाच्या वेळी लेखकाने फोनवर सहज सांगितलं, "या खेपेला डॉक्टरचा निकाल लावलाय. भिंत त्याला गिळते. तुला हवं तसं काढ."

तीन दिवस मान मोडून ती ते एकच पान काढत बसली.

चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात डॉक्टर. अंगाने निम्मे झालेले, एका हातात काठी, काखेत मालिकेचे अंक.  तिला वाटलं, आता हे कोर्टाची भाषा करणार.

"या चित्रांत सुनेने मला ओळखलं," खुर्चीत टेकत ते म्हणाले. "मग मुखपृष्ठावर तुझं आडनाव वाचलं आणि उलगडा झाला."

"तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा."

"तक्रार कसली? तू मला बराच सौम्य रंगवलास."

 मग बावीस वर्षं अडकलेलं एकदाचं बाहेर आलं.

"का सोडलंत त्यांना?"

डॉक्टरांनी नजर चुकवली नाही. "रोज हात जोडायचे. म्हणायचे, पोरीची परीक्षा आलीय, मला घरी असायला हवं. शेवटच्या आठवड्यात नीट जेवत होते, झोपत होते. मला वाटलं, सावरले. चुकलो मी. तुझ्या आईला पत्रात सगळं लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, मग तुमच्या दारात यायला पाय उचलेना."

"माझ्या परीक्षेसाठी?" तिचा आवाज चिरकला. आणि मग, "कसलं पत्र?"

 "तुझ्यामुळे नव्हे, बाळ. घरी सोडायच्या कागदावर सही माझी होती. हेच सांगायला आलो."

टेबलावर शाई न वाळलेलं पान होतं. त्यांनी ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "भीती बरोबर उतरलीय," एवढंच म्हणाले आणि उठले. तीन मजले ती त्यांचं कोपर धरून उतरली. मधे दोनदा त्यांना दम खायला थांबावं लागलं.

तशीच ती आईकडे गेली. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकूनही तिचे हात थांबले नाहीत.

"आलं होतं पत्र. फाडून टाकलं मी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"परीक्षेचं कळलं असतं तर तू स्वतःला खात बसली असतीस. त्यापेक्षा डॉक्टरांना शिव्या घालतेस ते बरं, असं वाटलं." शेवटची घडी तिने मांडीवरच ठेवली. "त्या माणसावर मात्र फार अन्याय झाला माझ्या हातून."

पान होतं तसंच छापलं गेलं. कथेला तो मृत्यू हवाच होता. रविवारी मायलेकी डॉक्टरांच्या घरी गेल्या. आईला माफी मागायची होती, पण डॉक्टरांनी ती पुरती मागूच दिली नाही. ते बाबांबद्दल बोलू लागले. वॉर्डात बाबा सगळ्यांच्या नकला करायचे, डॉक्टरांचीही, अगदी तोंडावर. हे लेकीला ठाऊकच नव्हतं.

"बाबा तुमची कशी करायचे, करून दाखवा ना," ती म्हणाली.

म्हातारे डॉक्टर काठी टेकत उभे राहिले.