सुरी परत देण्याची रीत

औषधाच्या दुकानातल्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता, त्यामुळे पोलीस ठाण्यातल्या त्या पडद्यावर सगळं मुकाट घडत होतं. काउंटरच्या आत, दुकानात कामाला असलेला सरांचा धाकटा भाऊ, बाहेर एक टोपीवाला. टोपीवाला काउंटरची फळी उचलून आत घुसला आणि त्याने सुरी काढली. धाकटा मागे सरला नाही. एक पाऊल तिरकं टाकून तो सुरीच्या वाटेतून बाजूला झाला, त्याने मनगट धरलं, बाहेरच्या अंगाला मुरडलं, आणि टोपीवाला खोक्यांच्या ढिगावर आडवा झाला. सुरी धाकट्याच्या हातात आली होती.

सरांची छाती फुगली. सख्खा भाऊ अतिदक्षता विभागात नळ्या लावून पडलेला असताना फुगली, याबद्दल त्यांनी स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही. पण फुगली हे खरं. ऐकिदो या जपानी युद्धकलेतला तो डाव त्यांनीच धाकट्याकडून घोटून घेतला होता आणि इतका स्वच्छ त्यांना स्वतःलाही कधी जमला नव्हता.

मग टोपीवाला उठला. धाकट्याने सुरी हातातल्या हातात फिरवली, पातं आपल्याकडे आणि मूठ त्याच्याकडे केली, दोन्ही हातांनी पुढे धरली आणि मान किंचित झुकवली. टोपीवाला बघतच राहिला. नंतर त्याने सुरी घेतली आणि धाकट्याच्या पोटात दोनदा खुपसली.

तपास करणाऱ्या अधिकारी बाईंनी चित्र थांबवलं. "इतकी वर्षं नोकरी करतेय मी. झटापटीत सुरी हिसकावलेली पाहिलीय, फेकलेली पाहिलीय. मूठ पुढे करून परत दिलेली आज पहिल्यांदा बघतेय."

बाई सरांकडे वळल्या.

"माणूस सुरी कुणाला परत देतो? ओळखीच्याला. त्या दुकानातून तीन महिने झोपेच्या गोळ्या गायब होतायत, मालकाने तसं लिहून दिलंय. लुटीचं नाटक ठरलं असणार, तुमचा भाऊ जरा जास्तच रंगात आला, आणि समोरच्याचं डोकं फिरलं. असं असू शकतं ना?"

"माझा भाऊ नाकासमोर चालणारा माणूस आहे."

"सगळ्यांचे भाऊ तसेच असतात." बाईंनी पेन उचललं. "तुम्ही क्लास घेता म्हणे. तिथं शिकवता का असलं काही?"

एक होकार द्यायचा होता, तेवढाच. सर म्हणाले, "छे. सुरी कुणी परत देतं का?"

बाईंनी ते लिहून घेतलं. संध्याकाळपासून धाकट्याच्या दाराशी हवालदार बसला. भेटायला फक्त बायको, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला, दहा-दहा मिनिटं.

सरांचा दोजो, म्हणजे सरावाची जागा, गाड्यांच्या गॅरेजवरच्या लांबोडक्या हॉलमध्ये होता. खालून ऑइलचा वास यायचा, वर चटयांना घामाचा. तिथं चाळीस माणसं शिकायची. नव्या माणसाला सर पहिल्याच दिवशी घराण्याचा इतिहास ऐकवायचे: ही विद्या जपानातल्या जुजुत्सू या जुन्या झुंजीतून आणि तलवारबाजीतून आलेली, ज्यांनी ती उभी केली ते वय वाढलं तसे मऊ होत गेले, म्हणून त्यांचे सुरुवातीचे शिष्य कडक शिकवत आणि नंतरचे मऊ. आपली शाखा कडक. गावातला दुसरा दोजो मऊ शाखेचा, आणि त्याचं नाव निघालं की सर ओठ मुडपून म्हणायचे, "तिथं हात लावायच्या आधीच माणसं पडतात. नाच आहे तो."

कडक शाखेत सुरीचा सराव असा चाले. जोडीदाराने लाकडी सुरीने वार करायचा, तुम्ही ती काढून घ्यायची, मूठ त्याच्याकडे करून दोन्ही हातांनी परत द्यायची, मान झुकवायची. असं चार वेळा, मग पाळी बदलायची. सुरी परत दिल्याशिवाय पुढचा वार होणार कसा? सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट, पण सरांच्या गुरूंनी तिला रीत केलं आणि सरांनी धर्म. कुणी सुरी नुसती जमिनीवर टाकली की सर सगळा वर्ग थांबवत. हत्याराचा मान राखता येत नसेल तर भाजी चिरायला जा, म्हणत. धाकट्याने एकदाच विचारलं होतं, "दादा, खऱ्या मारामारीतही परत द्यायची का?" वर्ग खदाखदा हसला. सर हसले नाहीत. त्याच्याकडून त्यांनी त्या संध्याकाळी तो डाव दोनशे वेळा करून घेतला, शेवटच्या मान झुकवण्यासकट. धाकट्याचं मनगट आठवडाभर सुजलं होतं. आणि तो माणूस इतका सरळ, की दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी हजर.

ठाण्यातून सर थेट दोजोवर आले. वर्ग रद्द करायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांचा जुना शिष्य, धंद्याने सुतार, तोच सगळ्यांच्या लाकडी सुऱ्या करून द्यायचा, हळू आवाजात म्हणाला, "सर, आज सुरी नको घेऊ या. धाकट्या भाऊंचं..."

"ठरलंय ते होणार," सर म्हणाले.

मग वीस जोड्यांनी वार केले, सुऱ्या काढल्या, मुठी पुढे केल्या, माना झुकवल्या. सर भिंतीला टेकून बघत राहिले. चाळीस माणसं एका तालात सुऱ्या परत देत होती. 'थांबा' एवढं एकच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढे 'का' येणार, आणि त्या 'का'चं उत्तर चाळीस जणांत दिलं की उद्या मऊ शाखेच्या मास्तरापर्यंत पोचणार. धाकटा मरणाच्या दारात असताना या गृहस्थांना त्या मास्तराचं हसणं ऐकू येत होतं. माणूस किती हलका असू शकतो याला खरंच मर्यादा नाही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात धाकट्याची बायको बाकावर बसली होती. दोन दिवसांत तिचे डोळे आत गेले होते. सरांना पाहून ती उठली.

"दादा, पोलीस म्हणतात हे त्या माणसाला सामील होते. शेजारी फोन करून विचारतायत. तुम्ही ती फिल्म पाहिलीत ना? खरं काय ते मला सांगा. कसंही असलं तरी सांगा."

"तपास चालू आहे," सर म्हणाले. "होईल सगळं नीट."

"सुरी परत दिली म्हणे ह्यांनी. का दिली असेल, दादा?"

"घाबरला असेल."

आयुष्यात सरांना धाकट्याइतकं न घाबरणारं माणूस भेटलं नव्हतं. ती खाली बसली. हवालदार मोबाइलवरून मान वर न काढता म्हणाला, "बाराला अजून वेळ आहे, बाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी सर दाढी करायला उभे राहिले आणि त्यांना आरशात बघवेना. अर्धवट दाढीनेच ते ठाण्यात गेले. "परवा मी खोटं बोललो," त्यांनी बाईंना सांगितलं. "परत द्यायला मीच शिकवलंय. अंगवळणी पडलंय ते त्याच्या. तो त्या माणसाला ओळखत नव्हता."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "भावाला सोडवायला आता हे सांगताय?"

"करून दाखवतो."

बाईंनी टेबलावरची पोलादी पट्टी एका दांडग्या शिपायाच्या हातात दिली. "मार ह्यांना. खरोखर मार."

शिपायाने सरांच्या पोटाचा नेम धरला. सर बाजूला झाले, मनगट मुरडलं, शिपाई गुडघ्यावर आला. पट्टी सरांच्या हातात होती. आता थांबून, हे बघा, इथून पुढे आम्ही असं करतो, असं समजावून सांगायचं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. तोंड उघडायच्या आत त्यांचे दोन्ही हात पुढे गेले होते आणि मान झुकली होती. शिपाई जमिनीवरून त्या पट्टीकडे बघत होता.

सरांना ती पट्टी सोडता येईना. शिपायानेच ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"सही करा," बाई म्हणाल्या. आवाज उतरला होता. "इस्पितळात फोन करते. पहारा काढायला सांगते." मग कागद पुढे सरकवता सरकवता त्या म्हणाल्या, "हे परवाच सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

सर इस्पितळात पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. दार उघडं होतं आणि आत नर्स यंत्रांच्या वायरी गुंडाळत होती. धाकटा साडेअकराला गेला. बायको त्या वेळी बाहेर बाकावरच होती, कारण बारा वाजायचे होते.

ती रडत नव्हती. हवालदार तिच्यापासून लांब, अवघडून उभा होता.

"आत्ता त्याला फोन आला," ती म्हणाली. "तुम्ही जबाब दिलात म्हणे. ह्यांचा काही दोष नव्हता म्हणे."

"नव्हता. मी..."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

सरांनी होकारार्थी मान हलवली.

"मला तीन वेळा आत सोडलं, दादा. दहा-दहा मिनिटं. हे बोलत नव्हते, पण डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल, बोलत राहा." ती थांबली, मग एकेक शब्द सावकाश बोलली. "मी तिन्ही वेळा एकच विचारलं. तुम्ही खरंच त्याला सामील होतात का? काल सहाला जरा ओरडूनच विचारलं. ते माझं शेवटचं बोलणं."

सर काहीतरी म्हणायला पुढे झाले. ती त्यांना वळसा घालून दाराकडे गेली. हवालदाराने या वेळी तिला अडवलं नाही.