भिंतीशी आडवं केलेलं स्टूल

मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. गरीब बिचारं वगैरे म्हणू नका मला, मित्रांनो. मी एका माणसाला जन्मठेपेवर पाठवलंय आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

कुमासी शहराजवळच्या अहविया गावात एका कारागिराने मला एकाच ओंडक्यातून कोरलं. वर बाकदार बैठक, मध्ये एकच जाड पाय, खाली पाट. पोकुआच्या लग्नात नवऱ्याने मला तिच्या हाती दिलं. पुढे ती कोकोच्या बागेची मालकीण झाली, गाव तिला आईच्या मानाने मामे पोकुआ म्हणू लागलं. लेकीला, कोनादूला, तिने माझ्यावर बसूनच वाढवलं. वाळू आणि लिंबाने घासून ती मला पांढरंशुभ्र ठेवायची. काय लाड होते माझे!

आमच्याकडे रिकामं स्टूल कुणी उभं ठेवत नाही. माणूस उठला की ते आडवं करून भिंतीशी टेकवायचं, नाहीतर भटका आत्मा येऊन बसतो. शेंबडं पोरही हे न सांगता करतं. विसरायचा तो फक्त आमचा वॉचमन अलहसन. तो उत्तरेकडचा.

"अरे अलहसन, परत उभंच? भुताला जेवायला बोलावलंयस का?"

"असू दे की मामे, तेही दमलं असेल."

मामेच्या बहिणीचा मुलगा दारको. त्याला ती बाग सोन्यासाठी जमीन खणणाऱ्यांच्या घशात घालायची होती. मामे बधत नव्हती. "मी जिवंत असेपर्यंत माझ्या झाडांना हात लावायचा नाही," म्हणाली. त्याने त्यातला 'जिवंत' तेवढा ऐकला.

रविवारी कोनादू चर्चला गेली होती, अलहसन नमाजाला. मामे माझ्यावर बसून शेंगा सोलत होती. दारको मागून आला आणि फुफूसाठी उकडलेले कंद कुटायचं मुसळ तिच्या डोक्यात घातलं. एकदाच. हूं की चूं न करता ती पुढे कोसळली. त्याने मुसळ पुसलं, कपाट उचकटलं, दागिने घेतले आणि सरळ निघून गेला.

पोलिसांनी अलहसनला उचललं. परका माणूस, गरीब, खापर फोडायला आयता सापडला. दारको दारात बसून छाती पिटत रडत होता. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मला पाय एकच!

मग तपासाला कुमासीहून तीन विक्षिप्त माणसं आली. इन्स्पेक्टर सारपोंग बूट काढून अनवाणी तपास करायचे, कारण जमीन पायाला सांगते म्हणे. डॉक्टर ओफोरीवा मेलेल्या माणसांशी गप्पा मारायच्या. आणि बादू, पूर्वीचा अट्टल घरफोड्या, आता पोलिसांच्या मदतीला, दार उघडं असलं तरी खिडकीतूनच यायचा. तिघांची बुद्धी तलवारीसारखी, असा त्यांचा लौकिक. पण मी त्यांच्या नाकासमोर आडवं पडलेलं आणि एकालाही दिसलं नाही! दिसणार कसं? तेही आमच्यातलेच. आडवं स्टूल म्हणजे सगळं जागच्या जागी.

अंत्यविधीच्या तयारीला दारको वाळू आणि लिंबं घेऊन आला. "मावशीचं स्टूल स्वच्छ घासू या," म्हणाला, अगदी साळसूदपणे. त्याने मला उचललं. संपलं, म्हटलं. आता अलहसनला कुणी वाचवत नाही.

पलीकडे डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "मामे मला म्हणाल्या, मी बसल्या जागी गेले. उठलेच नाही."

सारपोंग एकदम थांबले. "बसलेली बाई उठली नाही, तर तिचं स्टूल आडवं केलं कुणी? कोनादू, तू?"

"नाही साहेब, मी आले तेव्हा आडवंच होतं. मी हातही लावला नाही."

"मी आयुष्यभर चोऱ्या केल्या," बादू खिडकीत बसून म्हणाला. "पळताना कधी घर आवरलं नाही बुवा."

"आणि अलहसनला तर आठवण करून दिली तरी जमत नाही," कोनादू पुटपुटली.

सारपोंग अनवाणीच धावले. "दारको! खाली ठेव ते!"

माझ्या बैठकीच्या खाली, आडवं करताना जिथे हात धरतात तिथे, मामेच्या रक्ताचे चार बोटांचे ठसे होते. मुसळ पुसून झाल्यावर हात पुसायच्या आधी, निव्वळ लहानपणच्या सवयीने, त्याने मला भिंतीशी टेकवलं होतं. ती बोटं मी घट्ट धरून ठेवली होती. बोटं दारकोची निघाली. अलहसन सुटला.

कोर्टात मला टेबलावर मांडलं होतं. खटला लांबला. दारको कळवळून म्हणाला, "पाय भरून आलेत, बसायला काहीतरी द्या."

मागून कोनादू उठली. "समोर आहे ना. आईचंच आहे. बस की दारको, लाजतोस कशाला?"

दारकोने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. निकाल लागेपर्यंत तो उभाच होता. इतकं समाधान मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आणि त्याआधी, ज्यांनी तुम्हाला मांडीवर घेऊन भरवलं ती माणसं जपा. नाही जपलीत तर आम्ही काय करतो, ते दारकोला विचारा. तुरुंगात त्याला भेटायला कुणीच जात नाही, त्यामुळे सवड त्याला भरपूर आहे.