काळ्या तंबूच्या झुली

त्या वर्षी साघ्रोच्या डोंगरात ऊन असं पेटलं, की मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या राहू लागल्या. सावली म्हणून तेवढीच. विहिरीचा दोर सारखा लांबवावा लागत होता, आणि वर यायचं त्यात पाणी कमी, गाळ जास्त. मे महिना अजून अर्धाही झाला नव्हता.

तूदा सकाळी तंबूबाहेर आली, तिने कळपावरून एक नजर फिरवली आणि नवऱ्याला सांगून टाकलं, की आज लोकर कातरायची.

अद्दीने चहाचा पेला खाली ठेवला. लोकर कातरायची ती वर, खिंडीपलीकडच्या उन्हाळी कुरणात पोचल्यावर, हा त्यांच्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. मेंढीने आपली लोकर अंगावर घेऊन डोंगर चढायचा, मग ती उतरवायची. अद्दीने हे सगळं बायकोला ऐकवलं, आपल्या आजोबांचा दाखलाही दिला.

"तुझ्या आजोबांच्या मेंढ्या कधीच्याच मेल्या," तूदा म्हणाली. "माझ्या जिवंत आहेत आणि धापा टाकताहेत. कात्री आण."

ही बाई एकदा बोलली की बोलली. पंचेचाळिशी ओलांडलेली, काटक, उन्हाने रापलेली. दोघांचा एकुलता एक मुलगा माराकेशच्या एका हॉटेलात भांडी घासत होता, त्यामुळे कळपाचं सगळं या दोघांवरच होतं. अद्दी तसा भला माणूस, पण वाद घालण्यापेक्षा हो म्हणणं त्याला सोपं वाटायचं, आणि हो म्हटल्यावर महिनाभर कुरकुरणं त्याहून सोपं. त्याने कात्री आणली.

दर वर्षी त्यांच्यासोबत डोंगर चढणारा बास्सू हा अद्दीचा थोरला चुलत भाऊ. त्याच्या मेंढ्या लोकरीनिशी धापा टाकत होत्या, आणि तो त्यांना तसंच टाकू देणार होता. कातरलेला कळप पाहून तो पोट धरून हसला.

"नवरीचं मुंडण करून वरात काढल्यासारखं दिसतंय हे, तूदा."

"नवरी निदान वाटेत मरायची तरी नाही, दादा," तूदाने टोमणा तिथल्या तिथे परत केला.

आणि खरंच, उतरणीवर, वाळवंटी पठारावर, दादेस नदीच्या खोऱ्यापर्यंत तिचा कळप हलक्या पावलांनी चालला. बास्सूच्या दोन मेंढ्या वाटेत उन्हाने पडल्या. खोऱ्यातल्या बाजारात तूदाने लोकर विकली आणि चहा, साखर, पीठ उंटावर लादलं. त्या दिवशी तिची मान जरा जास्तच ताठ होती. मनातून तिला वाटत होतं, की शिरस्ता म्हणजे जुन्या माणसांनी न विचारता चालवलेली सवय, दुसरं काय. असं वाटण्यात तिचं चुकलं.

पुढे खिंडीचा उंच डोंगर सुरू झाला. ज्यांनी ही चढण चढली आहे त्यांना ठाऊक आहे, की तिथे चार दिवसांत माणूस भट्टीतून निघून विहिरीत उतरतो. खाली अंगावर कपडा नको वाटतो, वर दोन घोंगड्या पुरत नाहीत. खिंडीखालच्या उघड्या उतारावर ते पोचले तेव्हा पलीकडचं कुरण अजून उघडलं नव्हतं. गवत नीट वाढेपर्यंत तिथे कुणी पाय ठेवायचा नाही, दिवस जमातीने ठरवायचा, हा कायदा. म्हणून दोन्ही कुटुंबांनी तिथेच मुक्काम टाकला. एका कातळाच्या आडोशाला बास्सूचा तंबू उभा राहिला. तूदाचा उंटावरून उतरवला, तेवढ्यात वारा फिरला.

तूदाने मागे पाहिलं. खाली दूरवर साघ्रोकडचं वाळवंट तसंच पिवळं, उन्हात लखलखत पडलं होतं. पुढे पाहिलं तर खिंड नव्हतीच. तिच्या जागी एक पांढरी भिंत होती आणि ती खाली येत होती.

दुपारच्या चहाच्या वेळी बर्फ पडायला लागला. आधी ओला, अंगावर पडताच विरघळणारा, आणि तोच वाईट. लोकर असेल तर मेंढी तो झटकून टाकते. तूदाच्या मेंढ्यांच्या पाठीवर झटकायला काहीच नव्हतं. त्यांच्या गुलाबी कातडीवरून पाणी ओघळत होतं, वर वारा, आणि सगळा कळप असा थरथरत होता की पाहवत नव्हतं. हे आपल्यामुळे झालं, हे तूदाला कुणी सांगायची गरज नव्हती. लोकर बाजारात, मेंढ्या बर्फात. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, तिचं तर त्याहून वाईट झालं होतं, कारण झोपा तिने स्वतःच्या हाताने मोडून विकला होता.

बास्सू टोमणा मारेल असं तिला वाटलं. त्याने मारला नाही. तिची कोकरं तो आपल्या तंबूत ओढून न्यायला लागला. पण त्या तंबूत कोकरंच जेमतेम मावत होती. खाली परतायचं म्हटलं तर बर्फाबाहेर पडायलाच पुरा एक दिवस, आणि ओल्या अंगाने वाऱ्यात चालवलं तर निम्मा कळप वाटेतच पडणार. खिंड बंद. तूदाने आपला तंबू उभा करून पाहिला. वाऱ्याने मधला खांब काडीसारखा मोडला, आणि नसता मोडला तरी आत किती मेंढ्या बसणार होत्या?

मग ती त्या पडलेल्या काळ्या तंबूकडे बघत उभी राहिली. बकरीच्या केसांच्या, हातभर रुंद, लांबच लांब पट्ट्या एकीला एक शिवून केलेला. निम्म्या पट्ट्या अद्दीच्या आईने विणलेल्या, निम्म्या तूदाने, वीस वर्षांच्या हिवाळ्यांत. त्या केसांतून पाणी आत शिरत नाही. एकेक मेंढीच्या अंगाला एकेक तुकडा गुंडाळून पोटाखालून बांधला तर आतली ऊब आतच राहील. बैलाला झूल घालावी तसं.

ती अद्दीकडे गेली आणि तिने हात पुढे केला.

"सुरी दे. तंबू उसवते. मेंढ्यांना झुली करते."

अद्दीचा चेहरा उतरला. तंबूची शिवण उसवायची असेल तर सुरी नवऱ्याने बायकोच्या हाती द्यायची, ही त्यांच्यातली रीत. दर शरद ऋतूत झिजलेली पट्टी बदलताना अद्दी ती हसतहसत द्यायचा. पण बाईने सुरी न मिळता स्वतःच शिवणीला हात घातला, आणि तो चारचौघांनी पाहिला, तर त्याचा अर्थ एकच. ती घर मोडून निघाली. मग ना काजी लागतो ना कागद.

"नाही," अद्दी म्हणाला. "त्यात माझ्या आईचं विणकाम आहे. मेंढ्या पुन्हा होतील. तंबू तोडलास तर आपण जायचं कुठं? आणि कातर म्हणून मी सांगितलं होतं का तुला?"

"नव्हतं सांगितलं. चूक माझी आहे. आता सुरी दे."

त्याने कमरेची सुरी मुठीत घट्ट धरली आणि मान फिरवली. तूदाने त्याला समजावलं, की मेंढ्या गेल्या तर तंबू उभा करायचा कशासाठी, आत बसून काय खायचं. तिने विनवलंसुद्धा, आणि विनवणं तिला जमत नाही हे त्याला ठाऊक होतं. तो हलला नाही. बास्सूची बायको रकिया कोकरं आणता आणता थांबून बघत होती. तेवढ्यात कळपातली एक म्हातारी मेंढी, वर्षानुवर्षं न चुकता जुळी देणारी, पुढचे पाय दुमडून बर्फात बसली आणि आडवी झाली. तूदा धावली. मेंढीचे डोळे उघडे होते, पण त्यांत आता कुणी नव्हतं.

तूदा उठली. रकियाच्या कमरेला भाकरी कापायची सुरी असायची. तिने ती मागितली.

"तूदा, मी बघतेय हं," रकिया हळूच म्हणाली. "हेही बघताहेत. कळतंय ना तुला काय करतेयस ते?"

"कळतंय, वहिनी. पट्टीचं टोक धर."

रकियाने एकवार अद्दीकडे पाहिलं, मग सुरी दिली आणि टोक धरलं.

तूदाने पहिल्या शिवणीत सुरी घातली. दोरा तुटल्याचा आवाज वाऱ्यात ऐकू येण्यासारखा नव्हता, पण अद्दीला तो ऐकू गेला असावा, कारण तो तसाच खाली बसला. ती थांबली नाही. पट्टी मोकळी झाली की आडवी कापायची, तुकडा मेंढीच्या पाठीवर टाकायचा, उंटाच्या दोरीचा तुकडा घेऊन पोटाखाली गाठ मारायची, पुढची मेंढी धरायची. बोटं बधिर झाली तेव्हा ती गाठी दातांनी ओढू लागली. आधी सासूच्या पट्ट्या की आधी आपल्या, असा विचार तिने केला नाही. हाताला लागेल ती कापली. बास्सू मेंढ्या धरून देत होता. धिप्पाड माणूस, एकेकीला काखेत मारून आणत होता.

किती वेळ गेला कोण जाणे, पण तूदा दोरीचे तुकडे पाडत असताना समोरून आणखी एक हात पुढे आला आणि त्याने दोरी ताणून धरली. अद्दी होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. बोलायला तिच्याकडे वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. अंधार पडेपर्यंत सगळ्या कळपाला झुली चढल्या. मग चौघांनी मेंढ्या कातळाच्या आडोशाला रेटून घट्ट उभ्या केल्या, बाहेरून बास्सूच्या लोकरवाल्या मेंढ्यांचं कडं केलं, आणि रात्रभर पाळीपाळीने त्यांना बसू दिलं नाही. जी बसली ती गेली, एवढं सगळ्यांना कळून चुकलं होतं.

सकाळी आभाळ निवळलं आणि पांढऱ्या उतारावर ऊन असं पडलं की डोळे उघडवेनात. काळ्या झुली घातलेल्या मेंढ्या बर्फात खुरं मारून खालचं गवत शोधत होत्या. रात्री आणखी तीन गेल्या होत्या. बाकी सगळ्या उभ्या होत्या. तूदा त्यांच्यातून फिरली, एकेकीच्या झुलीखाली हात घालून ऊब बघितली, आणि मग कातळाला पाठ लावून रडली. हमसून, आवाज करून. कुणी तिला गप्प केलं नाही.

दुपारपर्यंत बर्फ वितळला आणि झुली काढून खडकांवर वाळत घातल्या. तंबू म्हणून आता नुसता काळ्या तुकड्यांचा ढीग उरला होता. चौघं बास्सूच्या तंबूपुढे चहाला बसले.

"मी थोरला आहे, म्हणून मलाच बोलावं लागणार," बास्सू म्हणाला. "काल सुरी अद्दीने दिली नाही. तूदाने घेतली. आम्ही दोघांनी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करायला मी काही आंधळा नाही. रीत म्हणते ती मोकळी झाली. वर कुरणात गेल्यावर लोक विचारतील, तेव्हा काय सांगू?"

तो हसला नाही, म्हणून कुणीच हसलं नाही. तूदाने पेला खाली ठेवला. आपण काय करून बसलो हे तिला ठाऊक होतं, आणि ते परत घ्यावं असं तिला अजूनही वाटत नव्हतं.

अद्दी म्हणाला, "सुरी मी द्यायला हवी होती."

"हो," तूदा म्हणाली.

"आपल्या लग्नाचं माझ्या बापाने तुझ्या बापाला विचारलं होतं. दोघंही आता नाहीत. म्हणून मीच विचारतो. माझ्यासोबत तंबू उभा करशील?"

रकियाने तोंडाला ओढणी लावली.

"ती म्हातारी मेंढी माझ्यामुळे उघडी पडली," तूदा म्हणाली, "आणि तुझ्यामुळे मेली. हे दोन्ही लक्षात ठेवून विचारतोयस?"

"हो. दोन्ही."

ती उठली, सामानातून तंबूचा दाभण आणि केसांचा दोरा घेऊन आली आणि ते त्याच्या मांडीवर टाकले. "मग शीव. इतके जोड मला एकटीला वर्षभर पुरतील."

बास्सूच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या जमातीत तंबूच्या दाभणाला पुरुषाने हात लावल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तो काही बोलणार होता, पण रकियाने त्याला कोपर मारलं.

अद्दीने दाभण उलटसुलट करून पाहिला, दोन तुकडे जवळ ओढले आणि शिवायला लागला. कुरण उघडेपर्यंत दोघं समोरासमोर बसून शिवत होते, आणि वर गेल्यावरही. जाणारेयेणारे थांबून बघायचे, काही जण हसायचे. अद्दीचा चेहरा लाल व्हायचा, पण दाभण त्याने खाली ठेवला नाही. त्याचे टाके लांबलचक आणि वेडेवाकडे यायचे, एखादी गाठ दोरा संपायच्या आधीच बसायची. तूदा संध्याकाळी ते बोटाने चाचपून बघायची. त्यांतला एकही तिने उसवला नाही.